चिल्लरचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्याकडे वाचकांच्या पत्रांत एक तक्रार छापून आली होती. आमच्या ख्रिस्ती लोकांच्या संजीवन सभेचा (विश्वास जागा करायला मैदानात भरवतात त्या सभेचा) लाउडस्पीकर रात्री उशिरापर्यंत चालू होता, पोरांची दहावीची परीक्षा तोंडावर होती, वगैरे. तक्रार रास्त आहे. मी त्या सभेला होतो आणि आवाज मलाही जास्त वाटला. पण पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी जाता जाता एक टोला मारला होता. त्याचा मथितार्थ असा की, या लोकांचं बरं आहे, पाप करायचं, मैदानात येऊन हमसून रडायचं, की खातं कोरं.

मी जन्मभर खातीच लिहिली आहेत. त्यामुळे ते 'खातं कोरं' माझ्या डोक्यातून जाईना. चार दिवस गेले, मग म्हटलं लिहावंच. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर मधलं कुठलंही कापा, शेवटचा भाग तेवढा कापू नका.

मी ७१ वर्षांचा. सोलापुरात जन्मलो, इथेच वाढलो. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात आमच्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या (म्हणजे चर्चच्या संस्था) एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. म्हणजे मी काही काल-परवा 'विश्वासात आलेला' माणूस नाही. प्रार्थना, उपासना, उपवासकाळ हे सगळं आईच्या दुधाबरोबर आलेलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे लिहितोय ते नवख्याचं चुकणं म्हणून सोडून देता येणार नाही.

१९८१ साली मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागलो. कामगारांच्या तोंडी दिवाणजी. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मालक वारले, माग भंगारात गेले, आता तिथे गोदाम आहे. माग चालवणारे, बीम भरणारे, कांड्या भरणाऱ्या बायका मिळून कायमची माणसं छत्तीस. त्यातली निम्मी पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी. बाकी मराठे, मुसलमान, लिंगायत, असे सगळे. मजुरी नगावर. शनिवारी संध्याकाळी माग बंद पडले की माझ्या खिडकीपुढे रांग लागायची. हिरव्या गजांची खिडकी. मी आत, ते बाहेर.

हिशेब असा असायचा. आठवड्यात किती नग काढले ते रजिस्टरात यायचं. त्यातून 'डॅमेज' वजा करायचा. धागा सुटला, तेलाचा डाग पडला, काठ वाकडा गेला, की त्या नगाची मजुरी कापायची, असा मालकांचा हुकूम. (तो टॉवेल पुढे 'सेकंड' म्हणून बाजारात विकला जायचाच.) उरलेला आकडा म्हणजे पगार. आता समजा आकडा आला २७२ रुपये ६० पैसे. मी २७२ मोजून द्यायचो आणि म्हणायचो, चिल्लर नाही, पुढच्या शनिवारी बघू. अंगठा मात्र ६० पैशांसकट घ्यायचो. साठ पैशांसाठी खिडकीशी कोण भांडणार? मागं रांग उभी, घरी पोरं वाट बघत असलेली.

१९८७ ते १९९६. नऊ वर्षं. आठवड्याला सरासरी वीस रुपये सुटायचे.

आणि माझा मूर्खपणा बघा, मी ते लिहून ठेवायचो. लाल रेक्झिनची खिशातली वही होती, तिच्यात तारीख आणि आकडा. चोरी करताना कुणी पावती फाडतो का? पण हिशेबनिसाचा हात. लिहिल्याशिवाय चैन पडायची नाही. कधी वाटतं, देवानं मला पकडायला माझीच सवय वापरली.

आता त्या रडण्याबद्दल. १९९१ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे अशीच मोठी सभा झाली होती. बाहेरगावचे वक्ते, पेटी, ढोलकी, मांडवात उकाडा. तिसऱ्या रात्री आवाहन झालं तेव्हा मी पुढे गेलो. गुडघे टेकले आणि खरोखरच रडलो. नाटक नव्हतं ते. उठून माइकवर साक्ष दिली, खिशातली चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी काढून वक्त्यांच्या पायापाशी ठेवली. म्हटलं, आजपासून प्रभूसाठी सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया म्हटलं, आमच्या वडिलांचे डोळे भरून आले. तंबाखू खरंच सुटली, आजतागायत तोंडात घातली नाही.

ती रात्र गुरुवारची. शनिवारी मी खिडकीत बसलो आणि लाल वहीत एकवीस रुपये दहा पैसे लिहिले.

त्या गृहस्थांना मला इतकंच म्हणायचंय की, साहेब, तुमचा टोला मला लागू पडतो. रडून खातं कोरं झालं अशी माझी खरोखर समजूत होती. ज्या खात्यावर डाग होता ते मी उघडलंच नव्हतं. तंबाखूचं खातं तेवढं बंद करून आलो होतो. आम्हा ख्रिस्ती लोकांत ही खोड फार जुनी आहे. भस्म बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की चाळीस दिवस मटण बंद, कुणी चहा सोडतो, हल्लीची पोरं मोबाइलवरचं काहीबाही सोडतात. सोडावं, त्याला माझी ना नाही. सोडायची वस्तू मात्र आपणच निवडतो, आणि माणूस हुशार असतो, निवडताना दुखेल ते बाजूला ठेवतो.

चोरीच्या पैशांतून मी आमच्या देवळाला, म्हणजे चर्चला, पंखाही दिला. १९९३. छताचा, तीन पात्यांचा. तेव्हा पात्यावर पेंटरकडून नाव घालायची पद्धत होती (अजूनही आहे, कुठल्याही देवळात मान वर करून बघा, आमच्या काय, तुमच्या काय). मी वडिलांच्या स्मरणार्थ म्हणून त्यांचं आणि खाली माझं नाव घातलं. पुढे मंडळीचा खजिनदारही झालो. मंडळीच्या हिशेबात कधी एका पैशाचा फरक आला नाही, हे मी अभिमानानं सांगायचो.

आणि ते चिल्लरचं बंद कसं झालं? १९९६ साली मालकांनी कॉम्प्युटर आणला. पगाराच्या छापील चिठ्ठ्या निघायला लागल्या, वरची चिल्लर आपोआप पुढच्या आठवड्यात ओढली जायला लागली. माझं पाप मी सोडलेलं नाही, ते कॉम्प्युटरनं सोडवलं. त्यानंतर वही माळ्यावर गेली आणि मी विसरलो. विसरलो म्हणजे, आठवण आली की दुसरं काहीतरी आठवायचो.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आधी घराला रंग काढला. माळा रिकामा करताना वही आमच्या मंडळींच्या, म्हणजे बायकोच्या, हातात पडली. त्यांनी काही विचारलं नाही, कपाटात बायबलशेजारी ठेवून दिली. मी पाहिली, मीही काही बोललो नाही. दोन महिने ती वही तिथे बसून होती.

उपवासकाळात आमच्याकडे घरोघरी प्रार्थनासभा होतात, दर शुक्रवारी एकाकडे. आमच्या घरची पाळी आली आणि बोलायला मलाच सांगितलं होतं. नेमलेला भाग बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय. जक्कय.

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यरीहो नावाच्या गावात जक्कय मुख्य जकातदार होता. सोलापूरच्या वेशीवर जकात नाके होते तो काळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना जास्त सांगायला नको. रोमी सरकारसाठी कर गोळा करायचा आणि वर आपलं काढायचं, हा धंदा. अंगानं बुटका. येशू गावातून चाललाय, गर्दीत दिसेना, म्हणून हा श्रीमंत माणूस पोरासारखा धावत पुढे जाऊन उंबराच्या झाडावर चढला. येशूनं वर पाहिलं, नावानं हाक मारली, खाली ये, आज तुझ्याच घरी उतरायचंय म्हणाला. लोकांनी नाकं मुरडली. आणि जक्कय उभा राहून म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि कुणाचं काही लबाडीनं घेतलं असेल तर चौपट परत करतो.

मी बोललो, आणि चांगलं बोललो. मला त्यातली आकडेमोड आवडते, म्हणून तीही सांगितली. मोशेच्या नियमशास्त्रात मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं भरायची, असं निर्गमाच्या २२ व्या अध्यायात आहे. पण ज्यानं लबाडीनं घेतलं आणि जो स्वतः होऊन कबूल झाला, त्यानं मुद्दल अधिक पाचवा हिस्सा परत करायचा, असं लेवीय आणि गणना या पुस्तकांत आहे. म्हणजे जक्कयाला वीस टक्क्यांत सुटता आलं असतं. त्यानं पकडलेल्या चोराचा दर स्वतःला लावून घेतला. आणि ते देणं ठरवण्याआधीच येशू त्याच्या घरी यायला निघाला होता, हेही सांगितलं. पावती बघून तो उंबऱ्यात आलेला नाही. लोक माना डोलवत होते. एका वडीलधाऱ्यांनी जाताना पाठीवर थाप मारली, म्हणाले, पाळकसाहेबांना सुट्टी द्यायला हरकत नाही.

सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात कपबशा विसळता विसळता मंडळी म्हणाल्या, "छान बोललाव. आता त्या वहीचं काय करताव?"

मी मोरीपाशी स्टुलावर बसलो. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर राग आला. तिचा, वहीचा, त्या जक्कयाचा. पश्चात्ताप या शब्दात ताप आहे, तोही पश्चात्, हे मला त्या रात्री कळलं. सोलापुरात एप्रिलच्या रात्री पत्र्याखाली झोपणाऱ्यालाच कळावा असा ताप. हिब्रू भाषेत यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ नुसता 'परत फिरणं' असा आहे, हे पाळकसाहेबांनी मला नंतर सांगितलं. आलो त्या वाटेनं मागं चालायचं. आमची वाट अक्कलकोट रोडची.

दुसऱ्या दिवशी बेरीज केली. ९,३६० रुपये. छत्तीस माणसं, माणशी २६०. पाचवा हिस्सा धरला तर ३१२. चौपट १,०४०. मी चौपटवर थांबणार होतो आणि मनातल्या मनात स्वतःला जक्कयाच्या पंगतीला बसवूनही झालं होतं. मंडळींनी विचारलं, तेव्हा चहाचा कप कितीला होता? म्हटलं, रुपयाला. आता? दहाला. म्हणजे दोनशे साठचे सव्वीसशे झाले, आणि हे नुसतं मुद्दल झालं. चौपट देऊन मी मुद्दलाच्याही आत राहिलो असतो. (ती सातवी शिकलेली आहे. मी बीकॉम.)

छत्तीस गुणिले सव्वीसशे, ९३,६०० रुपये. पोस्टात जवळजवळ तेवढीच ठेव होती, पवित्र भूमीच्या यात्रेसाठी साठवलेली. यरुशलेम, गालीलचा समुद्र, आणि यरीहो. तिथे यात्रेकरूंना जक्कयाचं झाड म्हणून एक जुनं उंबर दाखवतात. ते बघायची माझी फार इच्छा होती. असो.

आधी पाळकसाहेबांना सांगितलं, मग कमिटीला, आणि खजिनदारी सोडली. कमिटीत दोघातिघांचं म्हणणं पडलं की, तीस वर्षांपूर्वीचं उकरून काय काढता, प्रभूनं क्षमा केली, विषय संपला. बाहेर कळलं तर मंडळीची बदनामी. त्यांच्यावर मी रागावत नाही. पण आम्हा प्रोटेस्टंटांचं मूळ कशात आहे ते बघावं. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरनं जे ९५ मुद्दे मांडले, ते पैसे घेऊन पापक्षमेच्या पावत्या विकण्याविरुद्ध होते, आणि त्यातला पहिलाच मुद्दा असा आहे की, विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं. विकतच्या पावत्या गेल्या. आम्ही फुकटच्या फाडायला लागलो, एवढाच फरक.

मग घरं शोधायला लागलो. जुन्या रजिस्टरातली नावं पाठ होती, पत्ते बदललेले. कुणी नीलम नगरात, कुणी भिवंडीला निघून गेलेलं, बरेचसे देवाघरी. प्रत्येक घरची गोष्ट सांगत बसत नाही. एकानं ऐकून घेतलं आणि खो खो हसत गल्लीतल्या सगळ्यांना भजी मागवली. एकानं दार लावून घेतलं. एका ठिकाणी मुलानं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "धर्मांतराचं काही आहे का यात?" चुकला नाही तो, दिवसच तसे आहेत. मी म्हटलं, यात पत्रक नाही, पुस्तक नाही, तुझ्या वडिलांची मजुरी आहे. तरी त्यानं शेजाऱ्याला साक्षीला बोलावून मगच घेतलं.

आमच्या कारखान्यात एक माळकरी जॉबर (मागांवरचे मुकादम) होते. एका शनिवारी माझ्याकडून त्यांना दोन रुपये जास्त गेले. त्याच संध्याकाळी सायकल मारत परत आले, खिडकीतून दोन रुपये आत सरकवले, गळ्यातल्या तुळशीच्या माळेला बोट लावलं आणि निघून गेले. एक शब्द नाही. त्या आठवड्यात त्यांचेही पंचेचाळीस पैसे माझ्या वहीत होते. त्यांच्या घरी गेलो तर ते चार वर्षांपूर्वीच गेलेले. त्यांच्या मुलानं ते सव्वीसशे ठेवून घेतले आणि आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी तुळजापूरकडून सोलापुरात आली, तेव्हा वारकऱ्यांच्या चहाला लावले. मला बोलावलं होतं. मी जाऊन कप वाटले. आमच्यातल्या काहींना ते रुचलं नाही. मला त्या माणसाच्या देण्यातून सुटण्याची दुसरी जागा सुचत नव्हती.

पण सांगायचं आहे ते कुंभारीच्या विडी घरकुलातलं.

कांड्या भरायला एक बाई होत्या, त्यांचे यजमान आमच्याच कारखान्यात माग चालवायचे. ते वारले. बाई आता मुलीकडे असतात आणि विड्या वळतात. मी गेलो तेव्हा उंबऱ्यात बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात पानं. मला बघून हात थांबला नाही. पान कापलं, तंबाखू पसरली, अंगठ्याखाली गुंडाळी केली, दोरा मारला, तोंड दुमडलं. मग वर बघितलं.

"काय दिवाणजी, वाट चुकलाव काय?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, वहीसकट. वही दाखवलीसुद्धा. त्यांनी ती हातात घेतली नाही.

"ते आम्हाला ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हाला काय म्हणत होते माहीत हाय का? चिल्लर दिवाणजी." आणि हसल्या. तोंडात दात थोडे राहिलेत, पण हसणं तसंच, मागांच्या खडखडाटावरून ऐकू यायचं तसं.

नऊ वर्षं मला वाटत होतं कुणाला कळत नाही. गजांच्या बाहेरच्या छत्तीस माणसांना माहीत होतं, आणि ती माणसं दर शनिवारी मला 'बरंय दिवाणजी' म्हणून घरी जात होती.

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, नोटा दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या. मला वाटलं, झालं. उठायला लागलो.

"हे चिल्लरचं झालं. डॅमेजचं कधी आणताव?"

मी म्हटलं, "अक्का, डॅमेजचे पैसे मालकांकडे जायचे. मला त्यातला पैसा मिळाला नाही."

"कोण लिहिलं?"

मी गप्प.

"पोरीच्या बारशाच्या आठवड्यात यांचे सात नग काढलाव. वरनं मागाचं तेल गळत होतं. यांनी सांगितलं तुम्हाला, माग दुरुस्त करा म्हणून. तुम्ही खाली बघून लिहिलाव. सात."

सात. मला आठवेना, आणि आठवेना याचीच लाज वाटली. डॅमेजचा हिशेब माझ्या लाल वहीत नव्हता, कारण ते माझ्या लेखी पापच नव्हतं; ते काम होतं. मालकानं सांगितलं, मी लिहिलं. शाई माझी, अक्षर माझं, खिडकीत बसलेला मी.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक येत, तेव्हा तो आधी त्यांना पश्चात्तापाला शोभेलशी फळं द्या म्हणायचा. जकातदारांनी विचारलं, आम्ही काय करावं? त्यांना त्यानं नोकरी सोडा असं सांगितलं नाही, नेमून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच. शिपायांनी विचारलं, त्यांना म्हणाला, कुणावर जुलूम करू नका, खोटा आरोप करू नका, आपल्या पगारात भागवा. लूकच्या तिसऱ्या अध्यायात हे आहे आणि मी किमान पन्नास वेळा वाचलंय. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या खिडकीतलं उत्तर. संपूर्ण मनानं देवावर प्रीती कर, ही पहिली आज्ञा आम्ही पोरांकडून रविवारच्या शाळेत घोकून घेतो. माझं मन रविवारी संपूर्ण असायचं. शनिवारी संध्याकाळी त्यात खिडकी होती.

डॅमेजचं अजून फिटलेलं नाही. रजिस्टरं कुठे गेली पत्ता नाही. मालकांच्या मुलाकडे गेलो होतो. त्यानं चहा दिला आणि वडिलांचं वडिलांबरोबर गेलं म्हणाला. माझ्याकडे आता तेवढे पैसे नाहीत. म्हणून दुसरं एक करतो. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी जुन्या कामगारांचे कागद करून देतो. पीएफचे दावे, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, नावात एका अक्षराचा फरक पडल्यानं अडकलेली प्रकरणं. पेन्शन बहुतेकांची किमान म्हणतात तीच, महिन्याला एक हजार रुपये. पण तेही बोटाचा ठसा उमटत नाही म्हणून अडतात. जन्मभर दोरा, पान आणि धागा चोळलेली बोटं, मशीनला ओळखू येत नाहीत. हे पुण्य म्हणून सांगत नाही. अक्कांना म्हटलं, हा हप्ता धरा. त्या म्हणाल्या, बघू.

आता त्या गृहस्थांसाठी शेवटचं एक. मैदानातल्या रडण्याला सरसकट हसू नये. पुण्याच्या गाडीनं जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली शेकडो मुली अशाच ओक्साबोक्शी रडल्या होत्या, दिवसरात्र प्रार्थना चालली होती. त्याच संस्थेत मुली-बायका छापखाना चालवत होत्या, शेत पिकवत होत्या, विणकाम करत होत्या. रडणं आणि राबणं एकाच आवारात होतं. १९९१ च्या त्या मांडवातलं माझं रडणंही खोटं नव्हतं, असं मला आज वाटतं. मी घाईनं माइककडे गेलो. थोडा वेळ आणखी गुडघ्यांवर राहिलो असतो तर कदाचित शनिवार आठवला असता. लाउडस्पीकर मात्र दहाला बंद व्हायला पाहिजे, तुमचं बरोबर आहे.

पंख्याचं राहिलंच. माझं नाव काढा म्हणून कमिटीला अर्ज दिला. बरीच चर्चा होऊन परवानगी मिळाली, आणि देवळाची देखभाल करणाऱ्याच्या मुलानं शिडीवर चढून टर्पेंटाइननं ते पुसलं. वडिलांचं ठेवलं, त्यांचा दोष नव्हता. तेवढी जागा बाकीच्या पात्यापेक्षा पांढरी दिसते. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीनच्या उपासनेत लाइट गेली, पंखा थांबला, आणि सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. छत्तीसपैकी पंचवीस घरं झाली. अकरा सापडत नाहीत. त्यांचे २८,६०० रुपये पोस्टात वेगळे ठेवलेत. तुम्ही किंवा तुमचे आईवडील १९८७ ते १९९६ या काळात अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात असाल, दारात कडुनिंब होता, आत शिरल्यावर डाव्या हाताला हिरव्या गजांची खिडकी होती आणि शनिवारी तिथून पगार मिळायचा, तर कृपा करून या वृत्तपत्राच्या कार्यालयात नाव कळवा. माझा पत्ता संपादकांकडे दिला आहे. ओळखीचा पुरावा लागणार नाही. खिडकीत कोण बसायचं, तेवढं सांगितलं तरी पुरे.

आपला,
चिल्लर दिवाणजी
सोलापूर